ड्रमहेलर : डायनोसॉरच्या दरीत दोन दिवस कसे घालवावेत

कॅनडातील कॅल्गरी शहरी येणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या यादीत बॅन्फ आणि लेक लुईस ही नावे ठरलेली असतात. ड्रमहेलरचा विचार मात्र ‘वेळ उरला तर’ असा होतो, आणि वेळ उरलाच तर संग्रहालय, महाकाय डायनोसॉरच्या पुतळ्यापुढे एक छायाचित्र आणि संध्याकाळपर्यंत परत, एवढ्यावर सहल आटोपली जाते. अल्बर्टा प्रांतातील हे सुमारे आठ हजार वस्तीचे गाव एवढ्या घाईने पाहणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. येथे एक मुक्काम करावा, आणि गाव एका विशिष्ट क्रमाने पाहावे : आधी उघडी पडलेली जमीन, मग त्या जमिनीतून निघालेली हाडे, आणि शेवटी त्याच जमिनीतून निघालेला कोळसा.

या क्रमामागे कारण आहे. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश एका उथळ समुद्राच्या काठावरचा उष्ण, दलदलीचा सपाट भाग होता. दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा कोळसा झाला आणि नद्यांच्या गाळात गाडल्या गेलेल्या प्राण्यांची हाडे अश्मीभूत झाली. हिमयुगाच्या अखेरीस बर्फ वितळून आलेल्या प्रचंड पाण्याने रेड डियर नदीची दरी खोदली, तेव्हा हे सगळे थर उघडे पडले. १८८४ मध्ये जोसेफ बर टायरेल हा तरुण भूवैज्ञानिक कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी या दरीत आला आणि कोळशाचे थर पाहता पाहता त्याला एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली. १९०५ मध्ये, म्हणजे अल्बर्टा प्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, त्या प्राण्याला ‘अल्बर्टोसॉरस’ हे नाव मिळाले. टायरेलच्या आधीपासून या प्रदेशात राहणाऱ्या ब्लॅकफूट लोकांनाही ही प्रचंड हाडे माहीत होती आणि ती गव्यांच्या पूर्वजाची आहेत असे ते मानत, हेही येथे नोंदवले पाहिजे. कोळसा आणि हाडे अशी एकाच दरीतून निघालेली असल्यामुळे त्यांतले एकच पाहून परतणाऱ्याला गावाचा अर्धाच भाग कळतो.

निघण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

ऋतूचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे. जून ते सप्टेंबर हा योग्य काळ असून त्यातही जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरचा मध्य मला अधिक पसंत आहे, कारण जुलै-ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी वाढते, निवासाचे दर चढतात आणि दरीच्या तळाशी दुपारचे तापमान तीस अंशांच्या वर जाते. जूनच्या अखेरीस येथे रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचे काम होऊ शकते. हिवाळ्यात संग्रहालय उघडे असते, पण सोमवारी बंद राहते. शिवाय नदीवरची फेरी (गाड्या पलीकडच्या काठावर नेणारी नौका) बंद असते आणि खाणीतल्या फेऱ्या प्रामुख्याने उन्हाळी हंगामातच चालतात, त्यामुळे थंडीत येणाऱ्याने केवळ संग्रहालयापुरतेच यावे.

निवासाचे आरक्षण गावात किंवा दरीतल्या तंबूंच्या जागेत, जसे आवडेल तसे, पण लवकर करावे. जुलैच्या पूर्वार्धात कॅल्गरीत स्टॅम्पीडचा मोठा उत्सव असतो आणि त्या दिवसांत आसपासची हॉटेलेही भरतात. संग्रहालयाची तिकिटे उन्हाळ्यात आधीच ऑनलाइन काढून ठेवावीत. अल्बर्टामध्ये प्रांतीय विक्रीकर नाही, त्यामुळे छापील दरावर केवळ पाच टक्के केंद्रीय कर लागतो. हॉटेलांवर मात्र वेगळे शुल्क असू शकते, ते आरक्षण करतानाच पाहून घ्यावे.

स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असल्याशिवाय ही सहल जमत नाही. पाहण्याची ठिकाणे दरीभर विखुरलेली आहेत आणि त्यांना जोडणारी सार्वजनिक वाहतूक नाही. भारतातून आलेल्या आणि स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्या व्यक्तीने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत ठेवावा, भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय कॅल्गरीतच एखाद्या शांत रस्त्यावर करून घ्यावी.

सामानात प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, टोपी, उन्हापासून संरक्षण देणारे मलम, डासांसाठी औषध आणि चांगली पकड असलेले बूट असावेत. चपला घालून दरीत उतरू नये, कारण वाटेच्या कडेला जमिनीलगत पसरलेले निवडुंग असतात. शाकाहारी मंडळींना गावात पिझ्झा, सँडविच आणि तळलेले बटाटे यांपलीकडे फारसे पर्याय मिळतीलच असे नाही. म्हणून दशम्या, चटणी, दहीभाताचा डबा असे काही घरून नेणे शहाणपणाचे ठरते.

पहिला दिवस, सकाळ : जमीन

कॅल्गरीहून सकाळी सातच्या आसपास निघावे. ट्रान्स-कॅनडा महामार्गाने पूर्वेकडे जाऊन महामार्ग ९ वर उत्तरेला वळले की बायसेकर गावावरून पुढे ड्रमहेलरपर्यंत तोच रस्ता जातो. एकूण अंतर सुमारे १३५ किलोमीटर असून दीड तास पुरतो. दोन्ही बाजूंना गहू आणि कॅनोलाची सपाट शेते असतात. जुलैमध्ये कॅनोला फुलतो तेव्हा क्षितिजापर्यंत पिवळा रंग पसरलेला दिसतो. या सपाटीत कोठेही दरीची चाहूल लागत नाही, आणि म्हणूनच ड्रमहेलरच्या सुमारे १७ किलोमीटर अलीकडे रस्त्यालगत असलेल्या हॉर्सशू कॅन्यनवर थांबण्याचा आग्रह मी धरतो. गाडी लावून काही पावले चालताच शेताची कड संपते आणि खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल घळ दिसते.

येथे वरूनच पाहायचे की खाली उतरायचे हे सोबत कोण आहे त्यावर ठरवावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी कडेवरूनच पाहावे, दृश्यात काही उणे पडत नाही. उतरणाऱ्यांसाठी पायऱ्या आहेत. खाली गेल्यावर समोरच्या भिंतीपुढे उभे राहून आडवे पट्टे एकेक करून न्याहाळावेत. फिकट राखाडी आणि पिवळसर पट्टे वालुकाश्माचे, म्हणजे जुन्या नद्यांच्या पात्रांचे असतात. करडे-तपकिरी पट्टे पूरमैदानांवर साचलेल्या चिखलाचे असतात, तर काळे, अरुंद पट्टे कोळशाचे असतात. पायाखालची माती जवळून पाहिली तर तिचा वरचा थर लाह्यांसारखा फुललेला आणि तडकलेला दिसतो. ही बेंटोनाइट नावाची माती असून ती ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेली आहे. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसून तडकते, त्यामुळे तिच्यावर गवताची मुळे टिकत नाहीत आणि प्रत्येक पाऊस थोडा थोडा उतार धुऊन नेतो. या प्रदेशाला बॅडलँड्स हे नाव ज्या उजाडपणामुळे मिळाले, त्याच्यामागे ही माती आहे.

याच कारणाने एक कडक सूचना : पाऊस पडत असेल किंवा नुकताच पडून गेला असेल तर खाली उतरू नये. ओले बेंटोनाइट इतके निसरडे होते की चांगल्या बुटांनाही पकड राहत नाही, आणि चढून परत येणे अवघड होऊन बसते. अशा वेळी दिवसाचा क्रम उलटा करून आधी संग्रहालय गाठावे.

पहिला दिवस, दुपार : हाडे

गावात पोहोचल्यावर पर्यटक माहिती केंद्रापाशी टायरानोसॉरसचा तो प्रसिद्ध पुतळा उभा आहे. उंची सुमारे २६ मीटर, आत १०६ पायऱ्या, आणि वर गेले की प्राण्याच्या जबड्यात उभे राहून गाव पाहता येते. मुलांना हे आवडतेच. लहान मुले सोबत नसतील तर खालून पाहून पुढे जावे, वेळ अन्यत्र अधिक सत्कारणी लागतो. जवळच्या बागेत किंवा संग्रहालयाच्या परिसरातील मिडलँड प्रांतीय उद्यानात डबा खाता येतो.

रॉयल टायरेल संग्रहालय गावापासून सहा किलोमीटरवर, नॉर्थ डायनोसॉर ट्रेलवर आहे. ते १९८५ मध्ये उघडले आणि ‘रॉयल’ हा बहुमान त्याला १९९० मध्ये मिळाला. बहुतेक लोक सकाळी दहा ते दोनच्या दरम्यान येथे गर्दी करतात. आपण दुपारी दोननंतर जावे, म्हणजे बाहेरचे ऊनही टळते आणि दालने हळूहळू मोकळी होत जातात. उन्हाळ्यात संग्रहालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असते, तरी त्या दिवसाची वेळ पाहून घ्यावी. किमान तीन तास राखून ठेवावेत. चाकांच्या खुर्चीवरून दालने पाहता येतात, त्यामुळे आजी-आजोबांना गाडीत बसवून ठेवण्याचे कारण नाही.

सगळेच सारख्या लक्षाने पाहणे शक्य नाही. तीन जागी मात्र रेंगाळावे. पहिली जागा बोरिअलोपेल्टाची. २०११ मध्ये उत्तर अल्बर्टातील तेलवाळूच्या खाणीत यंत्रचालकाला हा चिलखती, वनस्पतिभक्षी डायनोसॉर सापडला. तो सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा असून मेल्यावर समुद्रात वाहून गेला आणि तळाच्या चिखलात लवकर गाडला गेला, म्हणून त्याची कातडी आणि पाठीवरचे खवले जागच्या जागी राहिले आहेत. सांगाडा पाहताना प्राण्याची कल्पना करावी लागते, येथे प्राणीच समोर असतो. खडकातून तो मोकळा करायला मार्क मिचेल या तंत्रज्ञाला सुमारे सात हजार तास लागले, आणि त्या श्रमांचा मान म्हणून या जातीचे शास्त्रीय नाव ‘बोरिअलोपेल्टा मार्कमिचेली’ असे ठेवण्यात आले.

ते श्रम कसे असतात हे दुसऱ्या जागी दिसते, ती म्हणजे काचेआडची जीवाश्म-प्रयोगशाळा. तंत्रज्ञ भिंगाखाली हाड धरून, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या पेनाएवढ्या हत्याराने त्याच्यावरचा दगड कणाकणाने उडवत असतात. हाड आणि दगड यांचा रंग कित्येकदा जवळजवळ सारखा असतो, आणि पोतातल्या किंचित फरकावरून कोठे थांबायचे ते हाताने ठरवायचे असते. लोक येथे अर्धा मिनिट थांबून पुढे सरकतात. दहा मिनिटे थांबल्यास नखाएवढा भाग मोकळा होताना दिसतो.

तिसरी जागा ‘ब्लॅक ब्युटी’ या टोपणनावाच्या टायरानोसॉरसची. १९८० मध्ये क्रोज्नेस्ट पास येथे मासे पकडायला गेलेल्या एका शाळकरी मुलाच्या नजरेस त्याचे हाड पडले. गाडलेल्या अवस्थेत मँगनीज शोषले गेल्यामुळे ही हाडे काळी चकचकीत झाली आहेत. याशिवाय ब्रिटिश कोलंबियात सापडलेल्या २१ मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचे, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याचे, दालन त्याच्या प्रचंड आकाराच्या कल्पनेसाठी चुकवू नये.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाने येथे एक दुवा ध्यानात ठेवावा. डायनोसॉरांचे युग संपल्याची खूण असलेला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मातीचा पातळ थर याच रेड डियर नदीच्या दरीत, ड्रमहेलरच्या उत्तरेला हक्सली गावाजवळ सापडतो. उल्कापाताची साक्ष मानला जाणारा इरिडियम हा धातू या थरात आढळतो. त्याच सुमारास सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्या लाव्हापासून बनला ते प्रचंड उद्रेक दख्खनमध्ये चालू होते, आणि त्या विनाशात उल्केचा वाटा किती व दख्खनच्या ज्वालामुखींचा किती यावर शास्त्रज्ञांमध्ये अजूनही चर्चा चालते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे १९८० च्या दशकात सापडलेला ‘इसिसॉरस’ हा लांब मानेचा डायनोसॉर त्याच अखेरच्या काळातला आहे. सोबतच्या मुलांना हे सांगितले तर समोरचे सांगाडे त्यांना एकदम जवळचे वाटू लागतात.

पहिला दिवस, संध्याकाळ : डायनोसॉर ट्रेल

संग्रहालयातून निघून थेट हॉटेलवर जाऊ नये. डायनोसॉर ट्रेल हा सुमारे ४८ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता नदीच्या एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने गावात परततो, आणि संध्याकाळचा तिरपा उजेड थरांचे रंग ठळक करतो. वाटेत एका वेळी केवळ सहा जणांना बसता येईल असे चिमुकले चर्च आहे. पुढे हॉर्सथीफ कॅन्यनचा व्ह्यूपॉइंट लागतो. सकाळच्या हॉर्सशूपेक्षा येथे पसारा मोठा आणि माणसे कमी असतात. कड्याची माती ठिसूळ असल्याने मुलांचा हात सोडू नये.

त्यानंतर रस्ता नदीपाशी येतो आणि पूल नसल्यामुळे गाडी ब्लेरिओ फेरीवर चढवावी लागते. पोलादी तारेच्या आधाराने काठ बदलणारी ही सपाट नौका १९१३ पासून चालू आहे आणि आज तिच्यावर शुल्क आकारले जात नाही. विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचा भाऊ आंद्रे हा येथे स्थायिक झाला होता, त्याच्यावरून हे नाव पडले. फेरीची वेळ आणि नदीची पातळी यांची चौकशी माहिती केंद्रात आधी करावी. ती बंद असल्यास आल्या वाटेने परतावे लागते. पलीकडच्या काठावर ऑर्क्नी व्ह्यूपॉइंटवरून दरीचा विस्तार शेवटचा डोळे भरून पाहावा आणि गावात मुक्काम करावा. अंधार पडताना रस्त्यावर हरणे येतात, म्हणून वेग कमी ठेवावा.

दुसरा दिवस : हूडू, कोळसा आणि अकरा पूल

महामार्ग १० ने आग्नेयेला सुमारे १६ किलोमीटरवर हूडू आहेत. सकाळी आठच्या आत पोहोचल्यास पार्किंगही सहज मिळते आणि छायाचित्रांत गर्दी येत नाही. हे पाच ते सात मीटर उंचीचे मातकट खांब असून प्रत्येकाच्या डोक्यावर कठीण वालुकाश्माची टोपी असते. टोपी खालच्या मऊ थराला पावसापासून वाचवते आणि आजूबाजूचे धुऊन जाते, त्यामुळे खांब शिल्लक राहतो. टोपी पडली की खांबाचेही दिवस भरतात. त्यांच्यावर चढण्यास, कोरण्यास बंदी आहे, ती मनापासून पाळावी. अर्धा तास येथे पुरे होतो.

त्याच रस्त्याने पुढे ईस्ट कूली येथे अ‍ॅटलस कोळसा खाण आहे, आणि दुसऱ्या दिवसाचा मुख्य भाग मी हिलाच देतो. १९११ ते १९७९ या काळात ड्रमहेलरच्या दरीत १३९ खाणींची नोंद झाली. युरोपच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कामगारांनी हे गाव वसवले आणि इथल्या कोळशाने पश्चिम कॅनडातील घरे उबदार ठेवली. आज येथे जतन केलेली उंच लाकडी टिपल ही कॅनडातील अखेरची उभी राहिलेली लाकडी टिपल आहे. खाणीतून आलेला कोळसा या इमारतीत चाळला जाई, त्याची प्रतवारी होई आणि खाली उभ्या असलेल्या रेल्वेच्या वाघिणींत तो भरला जाई. मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या वेगवेगळ्या असतात. बोगद्याची फेरी निवडल्यास चढ आहे आणि आत गारवा असतो, म्हणून जॅकेट न्यावे. फेऱ्यांमधल्या जागा मर्यादित असल्याने त्या आधी राखाव्यात. पहिल्या दिवशी सकाळी हॉर्सशूच्या भिंतीवर पाहिलेला काळा पट्टा येथे माणसाच्या उंचीवर, कुदळीच्या खुणांसह दिसतो, आणि जमीन आधी पाहून ठेवल्याचा उपयोग इथे होतो.

परतताना रोझडेल येथे १९३१ मधला, खाण कामगारांसाठी बांधलेला ११७ मीटरचा झुलता पूल आहे. तो चालण्यासाठी खुला आहे का ते विचारून घ्यावे. तेथूनच महामार्ग १०-एक्स वेन या जवळजवळ ओस पडलेल्या खाणगावाकडे जातो. सुमारे सहा किलोमीटरच्या अंतरात रोझबड नदी अकरा पुलांवरून ओलांडावी लागते. पूल अरुंद असल्याने समोरून गाडी येत असेल तर थांबून तिला वाट द्यावी. वेनमध्ये १९१३ चे रोझडियर हॉटेल आणि त्याला जोडलेले लास्ट चान्स सलून हे मद्यगृह आजही टिकून आहे. भिंतींवरची जुनी छायाचित्रे पाहत काही थंड प्यावे आणि कॅल्गरीची वाट धरावी.

जीवाश्म दिसल्यास काय करावे

पावसाने उतार सतत धुतला जात असल्यामुळे चालताना हाडाचा तुकडा दिसणे अगदी शक्य असते. दगडाचा तुकडा आतून एकसंध असतो, तर हाडाच्या तुटलेल्या कडेवर बारीक छिद्रांची जाळी दिसते. अल्बर्टाच्या कायद्यानुसार सर्व जीवाश्म प्रांताच्या मालकीचे आहेत. परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही, प्रांतीय उद्यानांतून काहीही उचलता येत नाही आणि परवानगीविना जीवाश्म प्रांताबाहेर नेता येत नाही. भारतात परतणाऱ्या पाहुण्याने म्हणून खिशात काहीच टाकू नये. वस्तू जागेवरून न हलवता, शेजारी नाणे किंवा पेन ठेवून आकार कळेल असे छायाचित्र काढावे, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि ती माहिती टायरेल संग्रहालयाला कळवावी. हाड कोणत्या थरात होते हे कळले तरच त्याचे वय सांगता येते, आणि उचलून आणलेल्या हाडाची ती माहिती कायमची जाते.

तिसरा दिवस हाती असेल तर

डायनोसॉर प्रांतीय उद्यान हे ठिकाण ड्रमहेलरमध्ये नाही. नावामुळे अनेकांची गल्लत होते. १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले हे उद्यान आग्नेयेला सुमारे दोन तासांच्या अंतरावर, ब्रूक्स शहराजवळ आहे, आणि टायरेल संग्रहालयातील कितीतरी सांगाडे तिथल्याच जमिनीतून आलेले आहेत. उद्यानाचा मोठा भाग राखीव असून त्यात केवळ मार्गदर्शकासोबतच जाता येते, त्यामुळे आरक्षण मिळाल्याशिवाय तेथे जाण्याचा बेत करू नये. आरक्षण मिळाले तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅल्गरीला न परतता ब्रूक्सला मुक्काम करावा, सकाळची पहिली फेरी घ्यावी आणि ट्रान्स-कॅनडा महामार्गाने थेट पश्चिमेला कॅल्गरी गाठावे. ब्रूक्सहून निघण्याआधी गाडीची टाकी भरून घ्यावी, कारण उद्यानाच्या वाटेवर पेट्रोल पंप मोजके आहेत आणि मोबाइलची रेंजही सर्वत्र मिळत नाही.